दुखणे माझे, डाग गुडघ्याला

मित्रांनो, मी एक जुना पोलादी खुबा आहे. मोठ्या लिंबाएवढा गुळगुळीत गोळा आणि त्याला खाली वीतभर दांडा, एवढाच माझा देह. सध्या मी तिसगावच्या एका लोहारशाळेत भात्याच्या वर खुंटीला टांगलेला असतो. पहार शेवटायला, म्हणजे तिचे टोक धारदार करून घ्यायला, आलेले लोक वर बघतात आणि विचारतात, हे कोणत्या यंत्राचे? मी यंत्राचा नव्हे. नऊ वर्षे मी एका माणसाच्या अंगात राहिलो. त्या माणसाचे मी जे हाल केले, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

मी दूरच्या कारखान्यात घडलो. लाकडी पेटीत बसून नगरच्या एका मिशनच्या दवाखान्यात आलो. त्याच सुमारास सहादेव लोहाराने खुरांना नालाच्या पत्र्या ठोकण्यासाठी एक माजलेला बैल आडवा पाडला होता. दोर तुटला. बैल उसळला आणि सगळ्या वजनानिशी सहादेवच्या कमरेवर आदळला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा मोडून वेगळा झाला. कृपादान डॉक्टरांनी तो मोडका गोळा काढून टाकला, हाड आतून पोखरले आणि माझा दांडा त्यात हातोडीने ठोकून बसवला. होय, हातोडीने! लोहाराच्या अंगात शिरायचे तर असेच शिरावे, असे मला तेव्हा वाटले.

"दरसाल एकदा दाखवून जायचं," घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले.

सहादेव हसला. "पोलादाला काय बगायचं, डाक्टर? त्ये काय नासतंय व्हय?"

माझी छाती फुगली. गावात त्याने माझी कोण तारीफ केली! जो येईल त्याला मांडी थोपटून सांगायचा, "हितं इलायती पोलाद हाय. बाकी समदं मोडंल, ह्ये न्हाई मोडायचं." त्याची बायको मुक्ताबाई घण मारायची आणि तो ऐरणीवर सांडशीने लोखंड धरायचा. तिचा घण आणि त्याचा हात यांचा मेळ असा, की दोघांना बोलावे लागत नसे. आठ वर्षे मी ते सुख आतून अनुभवले. दवाखान्यात मात्र आम्ही एकदाही गेलो नाही.

मग बहात्तर सालचा दुष्काळ पडला. नांगराचे काम थांबले, पण दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या पहारी, कुदळी रोज बोथट होऊन येऊ लागल्या. सहादेव दिवसभर एका पायावर भार टाकून उभा राहू लागला, आणि मी सैल झालो. प्रत्येक पावलागणिक माझा दांडा त्याच्या हाडात खुंट्यासारखा हलायचा आणि गोळा कमरेची वाटी घासायचा. मी झिजत नव्हतो, मित्रांनो. ती झिजत होती.

पण खरी गोम पुढे आहे. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात उतरते. सहादेवचा गुडघा ठणकू लागला. मी आतून ओरडत होतो, अरे, चोर वर बसलाय! पण पोलादाला तोंड नसते.

"खुबा न्हाई दुकत," तो मुक्ताबाईला म्हणाला. "खुब्यात पोलाद हाय. ह्यो गुडगाच हरामखोर निगाला. हाड त्ये हाडच."

आणि त्याने गुडघ्याला शिक्षा सुरू केली. सळई भट्टीत घातली, लाल झाल्यावर बायकोच्या हातात दिली.

"लाव डाग."

"अवो, नगं. डाक्टरकडं जाऊ."

"लाव म्हन्तो ना!"

तिने डोळे मिटून डाग दिला. कातडे चरचरले, वास सुटला. सहादेवने दातांखाली धरलेली काठी मोडली. आठ दिवसांनी दुसरा डाग, पुढच्या अमावास्येला तिसरा. गुडघा सुजून पपईएवढा झाला, डागांतून पू वाहू लागला. आणि माझे घासणे चालूच होते.

दुखण्याने सहादेव पार बदलला. आठ वर्षांत ज्याने बायकोला अगंतुगंपलीकडे वाकडा शब्द वापरला नव्हता, तो शिव्या देऊ लागला. एके दिवशी तो लाल पहार धरून उभा असताना मी आत कलंडलो. त्याचा पाय गेला, पहार ऐरणीवरून घसरली आणि मुक्ताबाईचा घण त्याच्या अंगठ्यावर बसला. नख फुटून रक्ताची चिळकांडी उडाली. संतापात त्याने हातातली तापलेली सांडशी तिच्यावर फेकली. ती तिच्या कपाळाला लागली. ती मागे भिंतीवर आपटली, कपाळाला हात लावला, हाताकडे पाहिले आणि पाण्याच्या डोणीत पदर बुडवून कपाळाला धरला. मला त्या वेळी वितळून जावेसे वाटले. चूक माझी होती आणि भाजली ती.

दुसऱ्या दिवशी कळस झाला. सहादेव भर दुपारी फरफटत लोहारशाळेत आला, ऐरणीजवळ खाली बसला आणि आपला सुजलेला पाय उचलून ऐरणीवर आडवा ठेवला.

"घन उचल."

मुक्ताबाईला कळेना. "कशाला?"

"घाल ह्या गुडग्यावर. मोडून टाक. खुबा मोडला म्हनून पोलाद मिळालं. गुडगा मोडल्याबिगर डाक्टर पोलाद बशिवनार न्हाई."

मित्रांनो, हे वेड फक्त लोहारालाच लागू शकते. माझ्यावरच्या विश्वासापायी तो आपला जिवंत, चांगला गुडघा चिरडून घ्यायला निघाला होता.

"मी न्हाई घालनार!"

"मग मी घालतो!" त्याने शेजारचा घण ओढला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला. मुक्ताबाईने झेप घेऊन दांडा धरला. दोघांची झोंबाझोंबी झाली. त्याने तिला कोपर मारले, तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला. घण जमिनीत रुतला. सहादेव उलटा कोसळला, पाय ऐरणीवरून पिळवटून खाली आला, आणि मी हाडात गरकन फिरलो.

कट्.

मुक्ताबाई थबकली. जन्मभर ती लोखंड ठोकून ऐकत आली होती. तडा गेलेली पहार कशी वाजते, सैल रिवेट कशी वाजते, तिला डोळे झाकून सांगता येई. तिने नवऱ्याच्या मांडीवर हात ठेवला आणि पाय हळूच फिरवला. मी होते नव्हते ते सगळे बळ लावून पुन्हा वाजलो.

कट्.

"अवो," ती धापा टाकत म्हणाली, "ह्यो आवाज हाडाचा न्हाई. सैल लोकंडाचा हाय. गुडगा न्हाई दुकत तुमचा. तुमचं पोलाद दुकतंय."

सहादेव लहान मुलासारखा रडू लागला.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने ती दोघे नगरला गेली. कृपादान डॉक्टरांनी हाडांचा एक्स-रे फोटो उजेडात धरला. "गुडघ्याचं हाड चांगलं आहे. जे भाजलंय ते तुम्हीच भाजलंय. हा दांडा हाडात हलतोय. दरसाल दाखवलं असतं, तर वेळीच कळलं असतं."

"म्हंजी पोलाद खराब निगालं?" सहादेवने विचारले.

"पोलाद जसंच्या तसं आहे. ज्या हाडात ते बसवलं, तिकडं कुणी बघितलं नाही."

त्यांनी मला काढून टाकले. पाय दोन बोटे आखूड झाला, काठी कायमची आली, पण ठणका गेला. सहादेवने मला मागून घेतले आणि रुमालात बांधून घरी आणले.

आता उभ्याने लोखंड धरणे त्याला जमत नाही. सांडशी मुक्ताबाईच्या हातात आली, घणाला तिचा भाऊ गोरक्ष आला आणि सहादेव खाली बसून भाता ओढतो. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला माझ्यासारखे काही बसवले असेल, तर ते बरे झाले म्हणून विसरू नका. वरचेवर दाखवत जा. आणि जिथे ठणकते तिथेच दोष असतो, असे समजून कुणाला डागू नका. आधी कान लावा.

परवा सहादेव गुडघ्याला तेल चोळत होता. तीन डागांवरून त्याने सावकाश बोट फिरवले. "तुला उगाच भाजलं रं," तो पुटपुटला. मग त्याची नजर वर गेली. मुक्ताबाई लोखंडावर वाकली होती आणि जाळाच्या उजेडात तिच्या कपाळावरचा व्रण चमकत होता.

"आन् तुलाबी," तो म्हणाला.

तिने मान वर केली नाही.

"भाता वढा," ती म्हणाली. "लोकंड गार व्हतंय."