मुक्या हातांचा पाव

"दुसरं कुणी बघा, पाळकसाहेब. उद्याचा पाव माझ्याच्यानं व्हायचा नाही."

पाळकसाहेब चर्चच्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. "का हो? भट्टी बिघडली?"

"भट्टी चांगली आहे. प्रार्थना होत नाही."

रविवारी चर्चमध्ये मोडून सगळ्यांना द्यायचा प्रभुभोजनाचा पाव तिच्याच घरून जायचा. आधी सासूबाई करत, आता ती. पीठ मळताना तोंडात प्रार्थना हवी. मुक्या हातांचा पाव प्रभूच्या मेजावर ठेवायचा नाही, अशी रीत होती. तिची लहान पोर तापाने गेली तेव्हापासून तिचे हात मुकेच होते. रविवारी लोक डोळे मिटून तो पाव खात. तिला ते बघवत नसे.

"प्रभू मेलेल्यातून उठला, तेव्हा शंका त्याच्या शिष्यालाही आली होती," पाळकसाहेब म्हणाले.

"त्याला प्रभूने आपल्या जखमा तरी दाखवल्या. मला काय दाखवलं?"

त्यांनी सुई चपलेत खोचून ठेवली. ते म्हणाले, "तुम्ही मळा. शेजारी बसून प्रार्थना मी करतो."

"उसनी नको."

"मग उद्या मेज रिकामं राहील." ते रागाने बोलले नव्हते.

घरी सासूबाई खाटेवर वाटाणे सोलत होत्या. सगळं ऐकून त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

"एवढंच ना? माझा थोरला गेला तेव्हा मी कुठं प्रार्थना करत होते!"

"मग काय म्हणायचात?"

"भांडायचे. का नेलास, का नेलास. पिठाला असे गुद्दे घालायचे की तुझे सासरे म्हणायचे, अगं, परात फुटेल!"

"उत्तर आलं?"

"छे! पाव तेवढा झकास फुगायचा."

"आणि आई, कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं? ज्याच्याशी भांडत होते त्याला ठाऊक होतं."

तिने परात घेतली. पीठ, मीठ, खमीर, कोमट पाणी. भांडण तरी जमेल असे वाटले होते, पण रागही येईना. बऱ्याच वेळाने ती नुसती म्हणाली, "आहेस का?" भाजी घेताना दर विचारावा तशी. मग मळत राहिली.

गोळा झाल्यावर हातांनी सवयीने मूठभर पीठ बाजूला काढले. पोर त्याचा आपला छोटा पाव करायची. ती त्या गोळ्याकडे बघत राहिली. परत मिसळावा, तर हात उचलवेना. तोही भट्टीत गेला.

रविवारी पाळकसाहेबांनी पाव मोडला. मोडताना त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती रांगेत शेवटी उभी राहिली, हात पुढे केला. पाव मऊ होता, नीट भाजला होता. तिने तो गिळला.

घरी आली तेव्हा छोटा पाव फळीवर होता. सासूबाईंनी त्यावर स्वच्छ फडके झाकून ठेवले होते.