अण्णांची सम

शिशिरातली दुपार. कृष्णेचे पाणी घाटाच्या पायऱ्या सोडून खाली उतरलेले. तालीमघराच्या फरशीवर पिवळसर उन्हाचा एक लांबट तुकडा, आणि त्या तुकड्यात नीरजाची घुंगरू बांधलेली पावले, स्थिर.

समोर अण्णा, तिचे वडील. चाळीस वर्षे तबल्यावर नांदलेले हात मांडीवर टेकून. तीन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. आता शब्द ते ओठांवरून वाचतात. कान गेले तेव्हा हसून म्हणाले होते, "लय कानांत थोडीच असते?" त्या एका वाक्यावर ते आजवर जगले.

आज त्यांच्या मनगटावर काळा पट्टा होता. भौतिकशास्त्र शिकलेल्या नीरजाने तो वर्षभर खपून केलेला. तिच्या पायांतला प्रत्येक आघात, प्रत्येक नाजूक झंकार त्यात थरथर होऊन उमटावा. मुलीचे नृत्य बापाच्या त्वचेला ऐकू यावे. मांडीवर पडणारी अण्णांची टाळीही तो टिपत होता.

मोबाईलवर पेटीचा लेहरा, तालाचे माप देणारी फिरती धून, लागला. नीरजाच्या पावलांचा ठेका, कथकचा तत्कार, सुरू झाला. थरथर मनगटातून कोपरात, कोपरातून छातीत चढली. कोरड्या पाटात पाणी सुटावे तशी. अण्णांचे डोळे मिटले, ओले झाले.

मग समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांचा तळवा मांडीवर पडला, आणि थरथर आली ती त्यानंतर. पुढच्या आवर्तनात आणखी नंतर.

"नीरू, तुझं यंत्र एसटीनं निघालंय की काय? उशिरा येतंय."

हसत ती पट्ट्याच्या नोंदी दाखवणाऱ्या लॅपटॉपकडे वळली, आणि हसू ओठांवरच राहिले. यंत्राचा उशीर सेकंदाचा शंभरावा भाग. पापणी लवायलाही त्याच्या दसपट वेळ लागतो. लेहरा अचूक. पावले अचूक. धावत होती ती अण्णांची टाळी: थोडी आधी, आणखी थोडी आधी, आठव्या आवर्तनाला अर्धी मात्रा. तीन वर्षे, त्या अथांग निःशब्दात, बिनचूक समजून ते हाच पळता ताल मोजत बसले होते.

"यंत्रच ना गं?" आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

तिने ओठ दिसावेत असा चेहरा वर केला. "यंत्रच, अण्णा. माझं गणित चुकलं."

"मग काढ ते. मी ताल धरतो हातानं."

पट्टा सुटला. लेहरा थांबला. ऊन भिंतीवर चढले, तांबूस झाले, राखेसारखे झाले. नीरजाने त्यांच्या तळव्यावर नजर रोवली, आणि आयुष्यात प्रथमच लय सोडून त्या पळत्या हातामागे पावले पळवली. चुकत, जाणून चुकत.

तळवा पडला. पाऊल पडले. तिच्या पावलांकडे पाहत अण्णांनी समाधानाने मान डोलावली.

आणि शंभर घुंगरांचा तो नाद एकटी नीरजा ऐकत राहिली. निथळत, निवत, नाहीसा होत.