अल्पेशचा गॅप आणि माझा आजार

आमच्या गोठ्यात चिमण्या नावाचा बैल आहे. वासरू असताना अगदीच एवढासा होता म्हणून हे नाव पडले. आता गोठ्यात शिरताना त्याला मान तिरकी करावी लागते. त्याला शर्यतीचा नाद आणि माझा नातू अल्पेश याला त्याचा. बारावी पास झाल्यावर अल्पेशने दोन वर्षे दुसरे काही केले नाही. कुठेही शर्यतीचा अड्डा लागला की टेम्पोत आधी चिमण्या चढायचा, मग अल्पेश, आणि जागा उरली तर मी.

यंदा जूनमध्ये माझी सून भाविका भात वाढता वाढता म्हणाली, "या वर्षी पोराचं नाव कॉलेजात लागलं नाय तर बैल विकायचा. वांगणीचा गिऱ्हाईक बघून ठेवलाय मी."

अल्पेशने बापाकडे बघितले. बापाने, म्हणजे माझ्या कमलेशने, माझ्याकडे बघितले. मी लोणचे मागितले. भाविका एकदा बोलली की आमच्या घरात चर्चा होत नाही. तिने चिखलोलीची शेवटची जमीनसुद्धा बिल्डरकडून दोन वेळा परत आणली होती, तर बैल म्हणजे काय.

अल्पेशने फॉर्म भरला. उल्हासनगरच्या एका कॉलेजात तिसऱ्या यादीत त्याचे नाव लागले, एफ.वाय.बी.कॉम.ला. बारावीला बावन्न टक्के होते, ते पुरले. आता कागद दाखवून प्रवेश पक्का करायचा होता आणि त्याचा शेवटचा दिवस उजाडला होता. कमलेशला आनंदनगरच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट, म्हणून पालक म्हणून मी निघालो.

मार्कशीट होती, शाळा सोडल्याचा दाखला होता, जातीचा दाखला होता. गेटवरच्या शिपायाने सगळे बघून विचारले, "गॅपचं कुठाय?"

बारावी आणि कॉलेज यांच्यामध्ये वर्ष वाया गेले असेल, तर ते कसे गेले हे स्टॅम्प पेपरवर शपथेवर लिहून द्यावे लागते. आम्हाला ते ठाऊक नव्हते. शिपायाने उल्हासनगरातल्याच कॅम्प दोनमधल्या परसराम टायपिस्टचा पत्ता दिला. बाजारात, चादरींच्या दुकानाच्या जिन्याखाली त्याचा कॉम्प्युटर होता.

"गॅप? कितना?" परसरामने मान वर न करता विचारले.

"दोन वर्ष."

"नाम बोलो. घर में दादा है, नाना है?"

"दादा है," अल्पेश म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवले.

परसरामने माझ्याकडे नजर टाकली, जशी टेलर टाकतो. कागद निघाला, शेजारच्या वकिलाने शिक्का मारला, अल्पेशने सही केली. आम्ही धावत कॉलेजात. लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मजल्यावर अल्पेशच्या आधी मी पोचलो.

बाकावर बसून मी कागद वाचायला घेतला. मला वाचायला वेळ लागतो, पण रांगही मोठी होती. त्यात लिहिले होते की अर्जदाराचे आजोबा हरिचंद्र हे दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते आणि घरात दुसरे कोणी नसल्याने अर्जदार त्यांची सेवा करीत होता.

"अल्प्या, यात मी आजारी हाय."

"काय?"

"अंथरुणाला खिळलोय."

त्याने वाचले. "आजा, आता नंबर आलाय आपला. तू जरा खोक."

टेबलापलीकडे वृंदा मॅडम होत्या. बदलापूरच्या. चष्मा साखळीला बांधलेला, बोलणे मऊ. त्यांनी कागद वाचला आणि शेजारच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "सकाळपासून आजोबाच आजोबा आजारी आहेत. उल्हासनगरात एकही म्हातारा उठून बसलेला नाही. हे तुमचे आजोबा?"

मी खोकलो.

"काय झालं होतं त्यांना?"

"कंबर," मी म्हणालो. "लकवा," अल्पेश त्याच वेळी म्हणाला.

"कंबरेला लकवा," मी जुळवून दिले.

मॅडमनी पेन खाली ठेवले. "अल्पेश, तूच सांग. दोन वर्षं तू यांची काय सेवा केलीस?"

आता अल्पेशला खोटे बोलायची सवय नाही. मी सांगतो ते त्याच्या कौतुकासाठी नाही, त्याला सुचतच नाही. सेवा म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे एकच जण उभा राहिला, आणि तो मी नव्हतो.

"पहाटे उठवायचो. पाठीवरून हात फिरवला की उठतो तो."

आमच्यात आजाला अरेतुरेच करतात. मॅडमना ते माहीत असावे, कारण त्यांनी मान हलवली. "मग?"

"मग नदीवर. पोहायला."

"लकवा झालेल्या माणसाला पोहायला?"

"पाय मोकळे होतात ना. आधी पाण्यात उतरायला मागत नाय. मागून रेटावा लागतो. एकदा उतरला की मग बाहेर येत नाय."

"बरं. आणि जेवण?"

"दूध. गावठी अंडी. उडदाचं पीठ. शेंगदाण्याची पेंड."

"पेंड?"

"भिजवून," अल्पेश म्हणाला.

मॅडमनी माझ्याकडे बघितले. मी पंख्याकडे बघितले.

"अंगाला तेल लावायचो," अल्पेश आता रंगात आला होता. "मानेला जास्त, सगळा जोर मानेवर येतो. रात्री मच्छर चावतात म्हणून धूर करायचो. त्याला झोप लागल्याशिवाय मी नाय झोपलो कधी, मॅडम."

"स्वभावाने कसे आहेत? आजारात माणूस चिडतो."

"आमच्याशी गरीब. पण नवीन माणूस दिसला की धावून जातो. माझ्या आयशीला एकदा कुंपणापर्यंत पळवलीय."

"आजोबांनी?"

"दोरी होती म्हणून वाचली."

मागच्या रांगेतली एक मुलगी मोबाइल खाली करून ऐकू लागली.

"कसली दोरी?" मॅडमनी हळू विचारले.

"बांधायची. रात्री बांधूनच ठेवतो आम्ही. सोडला की इमारतीतल्या लोकांच्या बागा खातो."

मॅडम उठल्या. अल्पेशला त्यांनी बाहेर बाकावर बसवले आणि शिपायाला त्याच्याजवळ उभे केले. मला आतल्या खोलीत नेऊन चहा मागवला, बिस्किटे समोर ठेवली आणि दार लोटून घेतले.

"आजोबा, घाबरू नका. इथे तुमचा नातू नाही. घरी तुम्हाला बांधून ठेवतात का?"

"नाय हो."

"पेंड खायला घालतात?"

"तसं नाय ते, मॅडम..."

"तुम्ही बागेतली झाडं खाता, म्हणजे उपाशी ठेवत असणार. हे बघा, ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा आहे, हेल्पलाइन आहे. मी आत्ता फोन लावते. फक्त हो म्हणा." आणि त्यांनी खरोखर पर्समधून फोन काढला.

माझी पंचाईत झाली. गप्प बसावे तर नातवाला पोलीस नेणार. बोलावे तर कागद खोटा ठरणार, प्रवेश जाणार आणि रात्रीपर्यंत चिमण्या वांगणीला. मी बिस्किट चहात बुडवले, ते तुटून खाली गेले. मग म्हटले, सांगून टाकावे.

"मॅडम, तो बैल हाय."

"नातू?"

"नाय, आजारी. म्हणजे आजारी कोणच नाय. पोरगा जे बोलला ते सगळं खरं हाय, फक्त ते बैलाचं हाय. मी ठणठणीत हाय. जिना चढून मीच पहिला आलो."

मॅडम खाली बसल्या. माझा चहा त्यांनीच उचलला आणि पिऊन टाकला. तोंडावर पदर धरून बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिल्या. खांदे हलत होते. रडत होत्या की काय म्हणून मी घाबरलो. तसे काही नव्हते.

मग त्या साहेबी आवाजात म्हणाल्या, "खोटं प्रतिज्ञापत्र मी घेऊ शकत नाही. खिडकी पाचला बंद होते. खरं लिहून आणा."

"पण बैल हे कारण चालतं का?"

"वर्ष कुठे गेलं याचं कारण हवं, असा नियम आहे. ते कारण चांगलं असावं, असं कुठे लिहिलेलं नाही. शिवाय मधल्या काळात दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला नव्हता, हे त्यात पाहिजेच. मला खरं तर तेवढंच लागतं."

आम्ही पुन्हा कॅम्प दोनला. परसराम डबा खात होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि पोळीचा घास तसाच धरला.

"साईं, सच का मॅटर मेरे पास नहीं है. बीमारी है, पैसे की तंगी है, कॉम्पिटिटिव्ह एक्झाम है, लडकी हो तो शादी है. चार मॅटर में पूरा उल्हासनगर पढ गया."

"तर नवीन लिव," मी म्हणालो.

"नवीन लिखने में गलती होती है. शपथ का कागज है, बाबा, मजाक नहीं. पुरानेवाले में ही दादा निकालके बैल डालता हूं."

घड्याळ चार वाजून गेलेले दाखवत होते. घाला म्हटले. तो एकेका ठिकाणी माझे नाव खोडून चिमण्याचे घालत गेला, माझे नाव नव्हते तिथेही, आणि वकिलाने न वाचता शिक्का मारला. त्यानेही घाई केली, आम्हीही केली.

वृंदा मॅडमनी तो कागद उभ्यानेच वाचला. मग शेजारच्या टेबलावरच्या सरांना बोलावून शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली: "सदर कालावधीत मी अथवा सदर बैल, आम्ही दोघांनीही अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही."

सरांनी विचारले, "हे चालेल?"

"अर्जदाराचं विधान स्पष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "बैलाचं जादा आहे, पण जादा असल्याने बिघडत नाही." आणि त्यांनी शिक्का मारला. पावती देताना अल्पेशला म्हणाल्या, "पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. सकाळी सातला लेक्चर. नाही आलास तर परीक्षेला बसता येणार नाही, आणि तेव्हा कुठलाही प्राणी ऐकून घेणार नाही मी."

संध्याकाळी भाविकाने पावती दोन्ही बाजूंनी तपासली. वांगणीच्या गिऱ्हाइकाला तिने आमच्यासमोरच फोन करून नको म्हणून सांगितले. अल्पेश गोठ्यात गेला तो जेवायलाच आला.

कॉलेज सुरू झाल्यावर वेळापत्रक मिळाले. भाविकाने ते गोठ्याच्या भिंतीला चिकटवले, कारण घरातल्या भिंतींकडे अल्पेश बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्याने त्यातला शुक्रवार आणि थोडा शनिवार खाल्लेला होता. तिने पिठाची खळ केली, दुसरी प्रत आणली, आणि स्टुलावर चढून ती त्याची मान पोचणार नाही इतकी उंच लावली. आता ते वेळापत्रक अल्पेशला दिसत नाही. रोज मी स्टुलावर चढून वाचून दाखवतो.