प्रश्न पुरा होऊ दे

"पस्तीस वर्षांची स्त्री, चार दिवस ताप, आणि..."

"क," भांडी घासता घासता सून म्हणाली.

"अगं, प्रश्न पुरा होऊ दे," अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले. "अजून रोग सुरूसुद्धा झाला नाही."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. उभी हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेली, त्यामुळे शब्द गाळायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर येई. नवरा कामावर गेला की ते प्रश्नसंच उघडून बसत आणि ती हातातलं काम न सोडता उत्तरं देई. परदेशात डॉक्टरकी शिकून आलेल्या या बाईला इथे रुग्ण तपासायचा, तर परवान्याची परीक्षा पास होणं भाग होतं. दोनदा जाडजूड ग्रंथ वाचून बसली आणि दोनदा आपटली. आता शेवटची संधी. "ग्रंथ कसले वाचत बसलीस? प्रश्नसंच घोट," असं अभ्यासगटातल्या मैत्रिणीने छातीठोकपणे सांगितलं. मग तिने ग्रंथ माळ्यावर टाकले आणि संच घोटला. एक फेरी झाली, दुसरी झाली, आता तिसरी. शंभरातली नव्वद उत्तरं डोळे मिटून बरोबर. बिचारीला बऱ्याच वर्षांनी शांत झोप लागू लागली होती.

"पुढचा," ती म्हणाली.

अण्णा जरा घुटमळले. "सत्तरी उलटलेला पुरुष. जेवल्यावर छातीत जळजळ..."

"ब. आम्लपित्त."

"जिना चढताना वाढते. बसलं की थांबते. कधी जबड्यापर्यंत जाते. आज मात्र बसूनही थांबत नाहीये."

तिचे हात थांबले. "हा संचात नाही."

"नाही."

ती वळली. पुस्तक मिटून मांडीवर होतं आणि अण्णांचा सदरा घामाने भिजला होता.

"अण्णा, कधीपासून होतंय हे?"

"झाला महिनाभर. तुझी परीक्षा तोंडावर आलेली. म्हटलं, कशाला तुझ्या डोक्याला ताप."

रोज सकाळी हा माणूस तिच्यासमोर बसत होता आणि तिने एकदाही त्यांच्याकडे धड पाहिलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाजेला वेळ नव्हता. शेजाऱ्याची गाडी काढायला लावून तिने त्यांना इस्पितळात नेलं.

"तुम्ही यांच्या कोण?" तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं.

"सून," ती म्हणाली आणि सगळी हकिगत सांगितली. हृदयाचंच दुखणं निघालं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाला तेव्हा कुठे तिने नवऱ्याला फोन लावला.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. "सासरे सावरले ना? मग अजून एक फेरी मारून टाक. नव्वद येतायत तुला."

"नव्वद कसले? मला नुसते प्रश्न पाठ झालेत गं. रोगी समोर बसला होता आणि मी 'ब' म्हणून मोकळी झाले. यंदा नाही बसत मी. तारीख पुढे ढकलते."

"वेडी आहेस का? वर्ष जाईल."

"जाऊ दे."

फोन ठेवून ती खाटेजवळ स्टूल ओढून बसली. अण्णांचं मनगट तिने हातात घेतलं.

"आता सांगा. पहिल्यांदा काय झालं?"

अण्णांनी फारच लांबून सुरुवात केली. छापखान्याचा जिना आला, मालकाचा तिरसट स्वभाव आला, सासूबाईंचं शेवटचं आजारपण आलं. छातीचा अजून पत्ता नव्हता. ती ऐकत राहिली.