छप्पन मिलिलिटर

माझं डोकं लवकर तापतं, दर्पण कॉलनीत कुणालाही विचारा. त्या सोमवारी तापलं ते संभाजीरावांवर. ते आमच्या हिंदी मुलखातल्या शाळेच्या लॅबमधले मदतनीस, तीस वर्षं बाटल्या-चंबू सांभाळणारे. मी केमिस्ट्रीची नवी मॅडम, नोकरीचा पहिलाच आठवडा. त्यांनी साधंच विचारलं, ॲसिड मी पातळ करून देऊ का? मी म्हटलं, मग एम.एस्सी. काय झक मारायला केलं? तुम्ही बाटल्या धुवा. ते गुमान बाजूला झाले.

अकरावीच्या मुली टेबलाभोवती जमल्या. अठरा मोलर सल्फ्युरिक ॲसिडपासून एक मोलरचं लिटरभर द्रावण करायचं होतं. मी ऐटीत फळ्यावर मांडलं: हजार भागिले अठरा, म्हणजे साधारण छप्पन मिलिलिटर ॲसिड. बाकी पाणी. गणितात ॲसिड आधी आलं, म्हणून हातानंही बीकरमध्ये तेच आधी ओतलं. मग पाण्याचा जग उचलला आणि वाकून बघू लागले. समोरून सोनिका नावाची मुलगीही वाकली.

तेवढ्यात संभाजीरावांनी माझं मनगट धरलं. मी खेकसणारच होते, पण ते हळूच मराठीत म्हणाले, "बाई, आधी पाणी. ॲसिड मागून, थोडं थोडं."

मी जग खाली ठेवला. अहो, हे मला शाळेपासून पाठ होतं! पाणी पडताच ॲसिड उसळलं असतं, थेट माझ्या आणि त्या पोरीच्या डोळ्यांत.

मुलींपैकी मराठी कुणालाच येत नव्हती. संभाजीरावांनी मुलींना हिंदीत सांगितलं की मॅडमनी मुद्दाम चूक करून दाखवली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सकाळी ज्यांना मी नको ते बोलले, तेच माझी अब्रू झाकत होते. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण सोनिका डोळे मोठे करून माझ्याकडे कौतुकानं बघत होती, आणि मला ते सोसवेना.

"जान-बूझकर नहीं," मी म्हणाले. "गलती हुई मुझसे. काका ने मेरी और सोनिका की आँखें बचाईं."

टाळ्या थांबल्या. मी संभाजीरावांना हात जोडले आणि मराठीत म्हटलं, काका, सकाळचं बोलणं माफ करा, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

त्यांनी दुसऱ्या मोठ्या बीकरमध्ये पाणी घेतलं. मला वाटलं, आता स्वतःच ओततील. त्यांनी ॲसिडचा बीकर माझ्याच हातात दिला आणि शेजारी उभे राहिले.