कंसातलं वाक्य

सकाळी ग्रीकच्या वीस ओळी वाचून झाल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, असा बाईंचा नेम होता. एकतीस वर्षं महाविद्यालयात शिकवताना तो मोडला नाही, निवृत्त झाल्यावरही नाही. धाकटी बहीण म्हणायची, "ताई, तुझा तो तत्त्वज्ञ जाऊन दोन हजार वर्षं झाली. तो कुठे पळून जात नाही. चहा मात्र गार होतो."

तत्त्वज्ञही असा, की ज्याला फारसं कुणी विचारत नाही. त्याचं सगळं लेखन काळाच्या पोटात गेलं. उरले ते तुकडे. बाईंनी अख्खी हयात त्या तुकड्यांत घातली. सगळ्यात मोठ्या तुकड्यात मधली दीड ओळ जळालेली होती. मुलांना अर्थाचा धागा सापडावा म्हणून बाईंनी तिथे ग्रीकमध्ये स्वतःचं वाक्य रचून घातलं: 'दिवा विझला म्हणून पाहणारा आंधळा होत नाही.' आणि शिस्तीप्रमाणे ते चौकोनी कंसात ठेवलं. कंस म्हणजे, हे मूळचं नव्हे, माझं आहे. त्या विद्येत तेवढी खूण पुरते.

वर्गातल्या एका विद्यार्थ्याला सगळे 'झटपट' म्हणत. त्याने बाईंची टिपणं उतरवून घेतली आणि घाईत कंस गाळले. पुढे त्याच वाक्यावर त्याचं पुस्तक उभं राहिलं, नाव झालं. बाईंना पहिल्याच दिवशी खटकलं होतं. पण पोर नुकतं कुठे वर येत होतं, चारचौघांत त्याचा कान कशाला धरायचा, म्हणून त्या गप्प बसल्या. निवृत्त होताना आपल्या टिपणांचा गठ्ठाही त्यालाच देऊन आल्या.

आता तो विभागप्रमुख होता, आणि सत्तरीला टेकलेल्या बाईंचं एकुलतं एक पुस्तक त्याच्याच प्रकाशन मंडळाकडे छपाईसाठी गेलं होतं. असल्या पुस्तकाला दुसरं कोण हात लावणार? सात महिन्यांनी अभिप्राय आला. बहिणीने चष्मा लावून तो वाचून दाखवला. लेखिकेने या तत्त्वज्ञाचं सर्वांत प्रसिद्ध वचन कंसात टाकून त्यावर उगाच संशय घेतला आहे, मूळ साधनांचा परिचय वाढवावा, असं त्यात होतं. बहीण आधी खो खो हसली. मग ताईच्या तोंडाकडे पाहून तिने कागदाची घडी घातली.

बाई त्याला भेटायला गेल्या. त्याने उठून खुर्ची दिली, तब्येत विचारली, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, दोन कंस काढले की झालं. पुस्तक उद्या छापायला जातं."

"आणि वाक्य कुणाचं?"

"त्याचंच. चाळीस अभ्यासकांनी घेतलंय ते. तुमच्याकडे काही पुरावा असेल तर..."

"पुरावा तुझ्याच कपाटात आहे. माझी टिपणं."

तो जरा आठवू लागला. "जागा बदलली तेव्हा बरंच रद्दीत गेलं, बाई. आणि खरं सांगू, तिथे कंस होते असं मला आठवतच नाही."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. जे तो तत्त्वज्ञ बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालायला माझा हात धजणार नाही, एवढं म्हणून त्यांनी हस्तलिखित परत मागून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात तेच वाक्य भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, खाली तत्त्वज्ञाचं नाव. जुना शिपाई त्यावरची धूळ झटकत होता. "दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, बाई, पण बोललाय कसं बघा."

"तो असं काही बोलला नव्हता," बाई म्हणाल्या.

शिपायाने समजुतीने मान हलवली आणि त्यांना पायऱ्या उतरायला हात दिला. वय झालं की व्हायचंच असं.

दुसऱ्या दिवशी बहीण उठली तेव्हा बाई चहा घेत बसल्या होत्या. समोर पुस्तक मिटलेलं.

"वीस ओळी झाल्यासुद्धा?"

"नाही वाचल्या."

बहीण समोर येऊन बसली. कपातून वाफ निघत होती.