टेकडीवरून आलेला होकार

विजेची लाइन पुन्हा ट्रिप झाली तेव्हा धाकटी पाणी पीत होती. ब्रेकर धाडकन पडला आणि अर्धा ग्लास तिच्या अंगावर सांडला.

धाकटी म्हणजे वरच्या उपकेंद्राची इंजिनिअर. दोन बहिणींतली लहान. थोरलीचे यजमान, म्हणजे तिचे भावोजी, याच लाइनच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीपलीकडच्या खालच्या उपकेंद्रात ऑपरेटर होते. फोनवर ते सगळ्यांदेखत तिला "धाकटे" म्हणून हाक मारत. मग काय, कामावरही तेच नाव पडलं.

आता ही लाइन राखतात कशी, तेवढं ऐकून घ्या. समजा, एक लांबलचक गल्ली आहे आणि तिच्या दोन तोंडांना दोन पहारेकरी बसवलेत. गल्लीच्या बाजूने गलका ऐकू आला की ज्याला ऐकू येईल त्याने आरोळी ठोकायची. दोघांची आरोळी झाली तर गडबड नक्की गल्लीतच आहे, दारं लावा. एकानेच ठोकली आणि दुसरा गप्प राहिला, तर गडबड त्या गप्प बसलेल्याच्या पाठीमागे, गल्लीबाहेर कुठेतरी आहे. तेव्हा दार लावायचं नाही. हे पहारेकरी म्हणजे दोन टोकांचे रिले, आणि दार म्हणजे ब्रेकर. आरोळी पूर्वी तारेवरून जायची, आता रेडिओवरून जाते. मधे टेकडी आडवी येते, म्हणून तिच्या माथ्यावर तिसरा एक संच ठेवलाय. त्याला स्वतःचं म्हणणं काही नाही. कीर्तनात बुवांच्या मागे उभे राहून त्यांचीच ओळ उचलून धरतात ना, तसं ऐकू आलेलं पुन्हा मोठ्याने म्हणायचं, एवढंच त्याचं काम.

धाकटीच्या रिलेने आत्ता आरोळी ठोकली होती, आणि खालून होकार आल्याची नोंदही पडद्यावर दिसत होती. म्हणून दार लागलं. तिने फोन उचलला.

"भावोजी, सिग्नल पाठवलात?"

"देवाशपथ नाही गं. माझा रिले म्हणतोय, फॉल्ट माझ्या पाठीमागे, कारखान्याच्या लाइनवर. मी कशाला बोंबलू?"

"माझ्याकडे तर आलाय."

"मग तुझ्याकडे बोलतंय कोण, बाई?"

त्या आठवड्यात हे संभाषण बऱ्याचदा झालं होतं. दर वेळी तिच्या यंत्राने सांगावं 'आला', आणि त्यांच्या यंत्राने सांगावं 'पाठवला नाही'. दोन्ही यंत्रं शहाणी, दोन्ही नोंदी स्वच्छ. खोटं कुणाचं म्हणायचं?

दोन्ही उपकेंद्रं ज्यांच्या हाताखाली, त्या साहेबांना मात्र कसलाच गोंधळ नव्हता. खालच्या कंट्रोल रूममध्ये चाचणीचं एक बटण आहे, ते दाबलं की हाच सिग्नल जातो, आणि भावोजींची दुपारची डुलकी जगजाहीर.

"बाई, ते दाबतात," साहेब म्हणाले होते. "झोपेत हात पडतो."

"बरोबर फॉल्टच्याच वेळी, साहेब?"

"फॉल्ट झाला की दिवे लुकलुकतात. दचकतात आणि दाबतात. संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवा. उद्यापासून त्यांना पॅनेलवरून काढून स्टोअरला टाकतो. आणि सही तुमचीच हवी. मेहुणीनेच लिहिलंय म्हटल्यावर कुणी शंका काढणार नाही."

सकाळीच ताईचा फोन येऊन गेला होता. ताई रडली नाही, भांडली नाही. "तू लिहिणारेस म्हणे," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ नुसता तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज येत राहिला.

"धाकटे," भावोजी आता हळू आवाजात म्हणाले, "एक विचारू? हसू नकोस. मी खरंच झोपेत दाबत असेन का गं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला आता काहीच वाटेनासं झालंय. आज म्हणून जेवणाचा डबा उपडा घालून ठेवलाय त्या बटणावर. वर ग्रीसचा डबा, वजनाला."

"डबा हलला?"

"जागचा हलला नाही. पण मीच दाबून पुन्हा ठेवला असला तर? साहेब इतकं छातीठोक सांगतात, माणसाला वाटायला लागतं, असेल बुवा."

एवढा मोठा माणूस स्वतःच्याच हाताकडे संशयाने बघत बसलाय, हे धाकटीच्या डोळ्यांसमोर आलं. वेळेला बुद्धी देव देतो म्हणतात, पण तिला त्या घडीला बुद्धी काही सुचली नाही. तिने नुसतं हट्टाने म्हटलं, "भावोजी, तुमचा रेडिओच बंद करा. बटण नाही, अख्खा संच. मग बघू कोण बोलतं ते."

आधी दोघांनी रीतीप्रमाणे रेडिओचा हुकूम ब्रेकरपर्यंत पोचणार नाही अशी किल्ली फिरवली. मग पलीकडे खट्ट आवाज झाला.

"बंद. दिवा गेला, पंखासुद्धा थांबला त्याचा."

धाकटीने स्वतःच्या संचाकडे पाहिलं. 'संपर्क चांगला' हा हिरवा दिवा तसाच तेवत होता.

"भावोजी, नीट बघा. चालू आहे तुमचा."

"अगं, वायर हातात आहे माझ्या!"

तिने आपल्याकडचं चाचणीचं बटण दाबलं. पडद्यावर लगेच उमटलं: खालून होकार आला.

ज्याचं तोंड बंद, तोच ठणठणीत उत्तर देतोय. ती खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने स्वतःच्याच संचाची बोलण्याची बाजू बंद केली. ऐकण्याची चालू ठेवली.

हिरवा दिवा विझला.

"काय झालं? बोल की!" भावोजी ओरडले.

"थांबा हो... मी गप्प झाले की तुम्ही गप्प होता."

"मी तर मगापासून गप्प आहे!"

"तेच म्हणतेय. ते तुम्ही नव्हताच." तिने खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. "टेकडीवरचा संच माझंच मला परत ऐकवतोय. पण तसं तो पहिल्यापासूनच ऐकवतो. प्रत्येक संच बोलताना आपला नंबर सांगतो. माझा रिले तुमच्या नंबराचं तेवढं धरतो, माझ्या नंबराचं कानावर आलं तर ते आपलंच म्हणून सोडून देतो. भावोजी, संच लावा आणि नंबर वाचा."

"दोन."

तिने आपल्या संचाचा नंबर पडद्यावर काढला. तिथेही दोन. तिथे एक हवा होता. तिचा संच दोन म्हणून बोलत होता, आणि टेकडीवरून परतलेलं तेच बोलणं तिच्या रिलेला दोन नंबराचा, म्हणजे खालचा होकार वाटत होतं. एक नंबर कुणाचाच उरला नव्हता, आणि आपला-परका ओळखायची ती खूणच पुसली गेली होती.

मागच्या महिन्यात जुना संच जळला, तेव्हा नवा तिनेच बसवला होता. खालचा संच कधी कुरकुरत नाही, म्हणून त्याची सगळी मांडणी जशीच्या तशी उतरवून घेतली होती. जशीच्या तशी, नंबरासकट.

"मी चुकले, भावोजी."

पलीकडे श्वास सुटल्याचा आवाज आला. "म्हणजे मी दाबत नाही?"

"नाही हो."

"नक्की ना?" मग घाईघाईने, "हे बघ, नंबर बदल आणि सोडून दे. यंत्राचा दोष म्हणून लिही. मोघम. माझ्यापायी तुझ्या मानेवर कशाला?"

तिला तेही पटलं. क्षणभर सगळंच पटलं. मग ताईच्या घरातला तो नळ पुन्हा कानात वाजायला लागला. यंत्राचा दोष म्हटलं, तर साहेब उद्या पुन्हा विचारणार, दोष असेल हो, पण बटणाचं काय?

तिने साहेबांना फोन लावला.

"भावोजींनी बटण दाबलं नाही, साहेब. नंबर मी चुकीचा घातला. आमचंच बोलणं आम्हाला होकार म्हणून ऐकू येत होतं."

तिकडे साहेबांनी कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

"म्हणजे त्यांनी पाठवला नाही?"

"नाही."

"पण तुमच्याकडे आला?"

"आला."

"मग पाठवला कुणी?"

"मीच, साहेब."

"बाई, मला काही कळत नाहीये," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच खात्री नव्हती. "पहिल्यापासून सांगा. आणि त्या स्टोअरच्या हुकमावर मी अजून सही केलेली नाही, तेवढं त्यांना कळवा."